आत्याची गाठ

मामांच्या घरात एक्केचाळीस व्हॅक्यूम क्लीनर होते आणि घरातली धूळ मामी ओल्या फडक्यानं पुसायच्या.

हे त्या स्वतःच आल्यागेल्याला सांगायच्या, तेही मामांच्या देखत. मामा मान खाली घालून हसायचे. साठ-सत्तर वर्षांची म्हातारी यंत्रं काय आता कामाला जुंपायची, असं त्यांचं म्हणणं. मग ठेवायची तरी कशाला, असं मामींचं. हा वाद लग्नापासून चालू होता आणि खरं सांगायचं तर तो मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

मामा एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायचे. 'श्वास घ्या, रोखून धरा, सोडा' या तीन सूचना दिवसातून शंभर वेळा द्यायचे. भाच्यांनी त्यांचं नाव सक्शनमामा ठेवलं होतं. पुढे त्यातलं सक्शन गळून पडलं आणि शेजारी, इस्पितळातल्या नर्सा, जुन्या बाजारातले विक्रेते, सगळ्यांचेच ते मामा झाले.

जुनं यंत्र ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. विकणारा म्हणायचा, "मामा, अस्सल आहे बघा, फक्त साफसूफ केलंय." मामांची पद्धत ठरलेली होती. आधी यंत्र उलटं करायचे आणि चाकं बघायचे, कारण लोक अंग चकचकीत करतात पण चाकांकडे कुणी लक्ष देत नाही. मग स्क्रू. फुलीच्या खाचेचा एकच स्क्रू चपट्या खाचेच्या स्क्रूंमध्ये बसलेला दिसला, की कुणीतरी मागाहून हात घातलाय हे नक्की. मग नंबराच्या पट्टीवर बोट फिरवायचे. फार पॉलिश मारलेलं असेल तर अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गुळगुळीत लागतात. शेवटी स्विचचा वास घ्यायचे. हे बघून एकदा एका नव्या विक्रेत्यानं शेजारच्याला हळूच विचारलं होतं, "काका बरे आहेत ना?"

त्या रविवारी बाजारात त्यांना एक हिरवा लांबुळका क्लीनर मिळाला. तोफेच्या नळीसारखा, पुढे-मागे क्रोमच्या टोप्या, खाली लाकडी घसरपट्ट्या. दुरुस्त करून, नवी वायर घालून, रंग तसाच राखून कुणीतरी तो फार निगुतीनं चालता केला होता. विक्रेत्यानं तो एका बंद पडलेल्या लाँड्रीतून उचलला होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. भाव चटकन ठरला. मामा तो काखेत मारून घरी आले, तेव्हा मामी दारातच म्हणाल्या, "आला बेचाळिसावा?"

"एक्केचाळिसावा," मामा म्हणाले. "एक मी मागच्या महिन्यात दिला ना त्या दुसऱ्या संग्राहकाला, दाढीवाल्याला."

"बरं झालं सांगितलंत. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं."

जेवण झाल्यावर मामांनी खिडकीपाशी टेबलावर जुनी चादर अंथरली आणि हिरव्याचं मागचं झाकण काढलं. पंखा बाजूला केला, मोटर बाहेर घेतली. मोटरीच्या पोटात फिरणारा जो लोखंडी गोळा असतो त्याला आर्मेचर म्हणतात. त्याला उभ्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या. मोटर जळली म्हणजे ही तार जळली. मग सगळी जुनी तार उपसून काढायची आणि नवी हातानं भरायची. मामांनी अशी कितीतरी हातानं भरलेली आर्मेचरं पाहिली होती. कुठे तार फुगलेली, कुठे वॉर्निशचे ओघळ. यंत्र चालतं, पण उघडल्यावर मन खट्टू होतं.

हे वेगळंच होतं. तार अशी बसली होती की जणू ती भरली नव्हती, उगवली होती. एकावर एक, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. आणि जिथे सगळ्या तारा एकत्र येतात तिथे मानेभोवती पांढऱ्या सुती दोऱ्याचे नऊ वेढे, आणि शेवटी एक चपटी गाठ. दोन बारीक पाकळ्या, एक इकडे, एक तिकडे, आणि दोऱ्याचं टोक मध्येच गडप.

मामांनी भिंग लावून पाहिलं. टोक कुठे गेलं ते कळेना. पण गाठ ओळखीची वाटली.

ते उठले. मांडणीवरून तांबड्या रंगाचं एक उभं यंत्र काढलं, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गावाहून आणलेलं, वेगळ्याच कंपनीचं, हिरव्यापेक्षा वीसेक वर्षांनी जुनं. ते उघडलं. तेच नऊ वेढे, तीच गाठ. मग बुटकं करडं यंत्र उघडलं. तिथेही तेच.

"अगं, इकडे ये जरा," त्यांनी हाक मारली.

मामी हात पुसत आल्या. तीन आर्मेचरं ओळीनं चादरीवर ठेवली होती. मामी शिवणकामात मुरलेल्या. त्यांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मामांना ते नवीन होतं.

"ही बाईच्या हातची गाठ आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दिसतंय ना."

मामांना यातलं अर्धं पटलं. जुळलेल्या हाडाचा फोटो काढताना आतल्या पट्टीवरून आणि स्क्रूंवरून हे काम कुठल्या सर्जनचं, हे त्यांना नाव न वाचता कळायचं. हात लपत नाही. इथेही एक हात होता. तीन कंपन्यांच्या, तीन ठिकाणांहून आलेल्या यंत्रांच्या पोटात तो बसून होता आणि त्यांना इतकी वर्षं पत्ता नव्हता.

त्यांनी गाठीचा मोठा फोटो काढला, छापून खिशात ठेवला आणि शोध सुरू केला. कामावरून सुटलं की एकेक मोटर वाइंडिंगचं दुकान गाठायचं. पहिल्या दुकानदाराला वाटलं मामा विमा कंपनीचे आहेत. दुसऱ्यानं फोटो बघून "हा कुठला रोग?" असं विचारलं. तिसरा म्हणाला, आता एवढं नीट कोण करतंय, लोकांना उद्या पाहिजे असतं. पंधरा दिवस असे गेले. शेवटी बस आगाराच्या मागच्या गल्लीत एक दुकान सापडलं, पंप आणि मिक्सर दुरुस्तीचं, दारातच जळक्या तारेचा ढीग. मालक पन्नाशीचा, कपाळावर चष्मा. त्यानं फोटो हातात घेतला.

"उलटा धरलाय तुम्ही," तो म्हणाला, आणि फोटो फिरवला. "हं. आत्याची गाठ."

मामा एक पाऊल पुढे सरकले. "कोण आत्या?"

"माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. बावन्न वर्षं बसली ती इथे, या स्टुलावर. आम्हाला कुणालाच येत नाही ती गाठ. शिकवली तिनं, पण बोटं ऐकत नाहीत."

"आता त्या..." मामांना पुढचं विचारवेना.

"वर आहे. झोपली असेल तर उठवू नका, झोपली नसेल तर लवकर सुटका होणार नाही."

आत्या जागी होती. ब्याऐंशी वर्षांची, अंगानं लहानखुरी, खिडकीत बसून रेडिओ ऐकत होती. बोटांचे सांधे सुजून गाठाळले होते. मामांनी पिशवीतून हिरव्याचं आर्मेचर काढून तिच्यापुढे ठेवलं.

"काय बिघडलंय?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. उत्तम चालतंय."

"मग आणलंत कशाला?"

"भेटायला आलो," ते म्हणाले. "हे ज्यांनी केलं त्यांना."

आत्यानं आर्मेचर उचललं, अंगठा दोऱ्यावरून फिरवला आणि परत ठेवलं. जुन्या फोटोत स्वतःला बघून माणूस करतं तसं काहीतरी तोंड केलं.

"माझ्याकडे अशी अजून दोन सापडली, आणि न उघडलेली कितीतरी. एकूण किती केलीत तुम्ही?" मामांनी विचारलं.

"कोणी मोजलंय? फेरे मोजायचे असतात. मोटरी कशाला मोजायच्या?" मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्याकडे अजून आहेत म्हणता. चालू आहेत सगळ्या?"

"सगळ्या."

"ऐकव मला," आत्या म्हणाली. अहो-जाहो तिथेच संपलं.

पुढच्या रविवारी सकाळी दुकानाचा मालक, आत्याचा भाचा, तिला घेऊन आला. मामींनी घर असं आवरलं होतं की मामांनाच वस्तू सापडेनात. आत्या मांडण्यांपुढे उभी राहिली. खालपासून वरपर्यंत यंत्रंच यंत्रं: गोल, लांब, उभी, एक तर चक्क जमिनीवर बसलेल्या कासवासारखं. तिनं खुर्ची मागितली आणि ती उलटी फिरवून मांडण्यांकडे पाठ करून बसली.

"अहो आत्या, दिसणार कसं?" मामी म्हणाल्या.

"दिसलं की डोकं अंदाज बांधायला लागतं. कानांना मग काम राहत नाही. हं, लाव."

मामांनी पहिलं यंत्र लावलं. घर्रर्र. आत्या हलली नाही. दुसरं. नाही. तिसरं. नाही. चौथं यंत्र सुरू झालं तसं तिनं उजव्या हाताचं एक बोट वर केलं. ते तांबडं होतं, गाठ सापडलेलं. मामा आणि मामींनी एकमेकांकडे पाहिलं.

"याचं बेअरिंग बदललंस तू," आत्या म्हणाली. "चांगलं बसवलंयस."

नवव्याला ती म्हणाली, "हे माझ्या भावाचं. शेवटची गुंडाळी जेवायला जायच्या घाईत भरलीय." भाचा मोठ्यानं हसला. सतराव्याला परत बोट वर. हे गुबगुबीत निळं यंत्र मामांनी कधी आतपर्यंत उघडलंच नव्हतं. त्यांनी तिथेच जमिनीवर बसून स्क्रू काढले. मामी टॉर्च धरून बसल्या. झाकण, पंखा, मोटर... आणि टॉर्चच्या उजेडात नऊ पांढरे वेढे, दोन पाकळ्या.

मामांच्या हातून स्क्रू गळून पडला आणि गडगडत कपाटाखाली गेला. कुणी तो शोधला नाही.

सगळं ऐकून होईपर्यंत दुपार झाली. चाळीस यंत्रांपैकी सहा आत्याची निघाली. ज्या तीन यंत्रांची मामांना खात्री होती ती तिन्ही तिनं बरोबर सांगितली होती, आणि आणखी तीन दिली होती. मामा भारावून गेले होते. इतकी वर्षं ते यंत्राचं कूळ नंबरपट्टीवर शोधत होते, स्क्रूत शोधत होते, आणि इथे एक बाई पाठ करून बसली होती आणि तिला ते नुसतं ऐकू येत होतं.

"झालं?" आत्यानं विचारलं.

"झालं," मामा म्हणाले.

"काळी राहिली की," मामी म्हणाल्या.

काळी म्हणजे काचेच्या कपाटातलं यंत्र. बेकलाइट नावाच्या जुन्या प्लास्टिकचं, शाईसारखं काळं, अंगावर शिंपल्यासारख्या रेघा. तिच्या तळाशी कारखान्याचं शिशाचं सील होतं, बारीक तारेनं ओवलेलं, आणि ती तार कधीच तुटली नव्हती. संग्राहकांमध्ये काळीचं नाव होतं. तिच्यापुढच्या कार्डावर मामांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'कारखान्यातून आली तशी. कधीही न उघडलेली.' वर्षातून एकदा, एक मिनिटभर, ते तिला चालू करत.

"तिचा प्रश्नच येत नाही," मामा म्हणाले. "पण ऐका, आवाज छान आहे."

काळी सुरू झाली. खालच्या पट्टीत, गोल, भरीव असा तिचा आवाज खोलीत पसरला. आत्यानं बोट वर केलं.

मामांना वाटलं, थकली असेल. त्यांनी यंत्र बंद केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आत्या, हिचं सील शाबूत आहे. ही उघडलेलीच नाही."

"मी कुठं म्हटलं सील तोडलं?" आत्या आता खुर्ची फिरवून बसली. काळीकडे बघताना तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई, तूच होय! ही एका वाचनालयातली. वॉरंटीत होती, आणि मोटर जळली. कंपनीचा माणूस यायला चार महिने लागणार होते, आणि सील तोडलं तर वॉरंटी गेली. ग्रंथपाल रडकुंडीला आलेला. आमच्या वडिलांनी सांगितलं, होणार नाही. मी एकोणीस वर्षांची होते. माझा हात लहान होता. मागची हवेची जाळी स्प्रिंगवर बसते, ती काढली आणि तिथून हात घातला."

मामांनी काळीच्या मागच्या बाजूला पाहिलं. ती जाळी कपाच्या तोंडाएवढी होती.

"आतल्या आत मोटर सुटी केली. बघून नाही, चाचपून. एकेक तुकडा त्या भोकातून बाहेर. आर्मेचर भरलं आणि उलट्या क्रमानं सगळं परत आत. तीन दिवस लागले. वडील रोज येऊन बघायचे आणि काही न बोलता जायचे. आणि वाचनालयाची म्हणून प्रत्येक गुंडाळीत दोन फेरे जास्त घातले. मोटर जरा सावकाश फिरते, आवाज खाली बसतो. कारखान्याची याहून वर गाते. कधी ऐकलीस?"

मामांनी ऐकली होती. दाढीवाल्याकडे अशीच एक होती आणि तिचा आवाज चिरका होता. ते सगळ्यांना सांगायचे की दाढीवाल्यानं तिची हेळसांड केलीय.

तरीही त्यांचं मन मानेना. आत्याच्या ते लक्षात आलं.

"त्या वेळी मला एक खोड होती," ती म्हणाली. "उरलेल्या तारेचा तुकडा आठच्या आकड्यासारखा वळवायचा आणि पुढच्या बेअरिंगजवळ वॉर्निशमध्ये चिकटवून ठेवायचा. भाऊ ओरडला तेव्हा सोडलं. हिच्यात असेल. उघडून बघ."

"उघडली तर सील जाईल."

"मग नको बघूस," आत्या म्हणाली आणि मामींनी दिलेला चहा बशीत ओतला. "मला काय."

दोन दिवस मामांचं कशात लक्ष लागेना. कपाट उघडायचे, जाळीपाशी बोट न्यायचे आणि परत बंद करायचे. मोटर बाहेर काढायची तर एकच रस्ता होता, सील तोडण्याचा. दुसरा रस्ता एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हाताला ठाऊक होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी डबा देताना म्हणाल्या, "अहो, लोकांची पोटं न फाडता आत बघायचा पगार घेता ना तुम्ही?"

मामा डबा हातात धरून तसेच उभे राहिले.

त्या दिवशी विभागाच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी भीतभीतच विचारलं. बाई कडक होत्या, पण कुतूहल त्यांनाही होतं. "जेवणाच्या सुट्टीत, एकही पेशंट थांबलेला नसेल तेव्हा," त्या म्हणाल्या, "आणि मीही येणार."

दुसऱ्या दिवशी काळी स्वच्छ चादरीत गुंडाळून आली आणि एक्स-रेच्या टेबलावर आडवी झाली. मामांनी माणसाच्या मांडीला लावतात तेवढा किरणांचा जोर लावला. काचेमागे गेले. सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "श्वास रोखून धरा," आणि डॉक्टरीणबाईंनी खरंच धरला.

पडद्यावर चित्र उमटलं.

बेकलाइटचं काळं अंग धुक्यासारखं विरून गेलं होतं. आत पंख्याची पाती, एकामागे एक वळत गेलेली, शंखाच्या आतल्या वळणांसारखी. स्प्रिंगा, बारीक खिळे, तळाशी सील, सीलची अखंड तार. आणि मधोमध आर्मेचर, दाट पांढरं, दोन्ही टोकांना तारेच्या वळणांचे काठ, इतके एकसारखे की दोन्ही बाजूंना कुणी तोच आरसा धरलाय असं वाटावं. मामांनी आयुष्यात लाखभर फोटो काढले असतील. मणके, फुप्फुसं, जन्मलेल्या बाळांच्या कोवळ्या बरगड्या. पण असा कधीच नाही.

"हे काय?" डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पेन टेकवलं. "हिनं काहीतरी गिळलंय."

पुढच्या बेअरिंगच्या अलीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा, स्पष्ट पांढरा आठचा आकडा होता.

मामा स्टुलावर बसले. काळी आता 'न उघडलेली' राहिली नाही, याचं त्यांना आधी काही वाटलंच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त एक हात आला, कपाच्या तोंडाएवढ्या भोकातून कोपरापर्यंत आत गेलेला, अंधारात चाचपणारा. त्या हाताला काय दिसत असेल? स्क्रू कुठल्या बाजूला वळतो हे बोटाच्या टोकानं ठरवायचं. एक वॉशर निसटला तर तीन दिवसांचं काम मातीत. आणि एवढं करून वर सवड काढून तिनं तारेचा आठ वळवला होता. कुणी बघणार नाही अशा ठिकाणी.

"रडताय की काय?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही. एसी फार आहे," मामा म्हणाले.

संध्याकाळी ते फिल्म घेऊन आत्याकडे गेले. तिनं ती खिडकीच्या उजेडासमोर धरली. आधी उलटी, मग सुलटी. आठचा आकडा तिला लगेच दिसला, पण त्यावर तिची नजर थांबली नाही. ती आर्मेचरकडे बघत राहिली.

"हे मी केलंय?" तिनं विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना."

"तसं नाही रे. केलं तेव्हा तुकडे दिसले. मग आत गेलं ते गेलं, परत जोडलेलं कुठं बघायला मिळालं? मी नुसतं हातानं बघितलं होतं." सुजलेलं बोट तिनं फिल्मवरच्या तारेच्या काठावरून फिरवलं. "एवढं सरळ भरायचे मी?"

मामांनी मान हलवली. भाचा जिन्यात उभा होता, तो दोन पायऱ्या चढून वर आला आणि आत्याच्या खांद्यावरून बघत राहिला.

"फक्त या इथे किंचित कललंय," शेवटी आत्या म्हणाली, "पण चालेल."

महिन्याअखेर संग्राहकांची बैठक होती. मामा काळीला घेऊन गेले, सोबत फिल्म आणि नवं कार्ड. नव्या कार्डावर लिहिलं होतं की हे यंत्र कारखान्यात बनलं आणि पुढे एका मुलीनं ते सील न तोडता हवेच्या जाळीतून पुन्हा भरलं. खाली आत्याचं पूर्ण नाव, तिनंच कागदावर लिहून दिलेलं. मामांनी सगळी हकीकत सांगितली. खोलीत चुळबुळ झाली.

"म्हणजे आता ही अस्सल राहिली नाही," दाढीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात जरा समाधान होतं. त्याची चिरकी काळी आता खरी न उघडलेली ठरत होती.

"नाही राहिली," मामा म्हणाले. हे बोलताना आपल्याला वाईट वाटेल असं त्यांना घरून निघताना वाटलं होतं. वाटलं नाही. "कारखान्यातून हिच्यासारख्या हजारो निघाल्या असतील. अशी ही एकच आहे."

मग त्यांनी काळी चालू केली. एक मिनिट उलटलं तरी दाढीवाल्यानंही ती बंद करायला सांगितलं नाही. फिल्म सगळ्यांच्या हातातून फिरली. एकानं ती दिव्याखाली धरली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, बघ तरी, बघ!" निघताना तिघांनी वेगवेगळं गाठून, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, मामांना एकच विचारलं: आमच्याकडचं एखादं आत्या ऐकतील का?

आत्या म्हणाली, गुरुवारी संध्याकाळी आणा, रेडिओवर त्या वेळी काही बरं नसतं. तेव्हापासून दर गुरुवारी आगारामागच्या गल्लीत जुने क्लीनर काखेत मारलेली माणसं येऊ लागली. पंप दुरुस्तीला आलेले लोक रांगेत उभे राहून त्यांच्याकडे बघायचे. आत्या खाली येऊन आपल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायची. बहुतेक वेळा बोट वर व्हायचं नाही. कधीमधी व्हायचं, आणि आणणारा माणूस लॉटरी लागल्यासारखा घरी जायचा. मामा शेजारी बसून वहीत नोंद करायचे. गाठ शिकायचाही त्यांनी प्रयत्न चालवला होता. आत्या म्हणायची, "हात एक्स-रेवाल्याचा आहे, बटणं दाबायला बरा." मामींना ती तिसऱ्या दिवशी जमली.

हिवाळ्यात एका गुरुवारी दाढीवाला आला. त्याच्याजवळ एक जुनाट, पोचे आलेलं यंत्र होतं, पट्टी नाही, नंबर नाही, कुठलं आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. भंगारात सापडलं, म्हणाला, टाकून द्यायच्या आधी एकदा ऐकवावं. मामांनी प्लग लावला.

यंत्राचा आवाज निघाला आणि मामांनी वहीवरून मान वर केली. इतक्या गुरुवारांनी त्यांचाही कान थोडा तयार झाला होता. आवाजात कुठे खड्डा नव्हता, कुठे कड नव्हती. संथ पाणी वाहावं तसा तो वाहत होता.

आत्याचं बोट वर झालं नाही. पण ती नेहमीसारखी 'पुढचं' असंही म्हणाली नाही. ती स्टुलावर हळूच वळली, भिंत सोडून, आणि डोळे उघडून त्या पोचे आलेल्या यंत्राकडे बघायला लागली. असं तिनं कधी केलं नव्हतं.

"तुमचं आहे?" मामांनी विचारलं.

"नाही." ती अजून ऐकत होती. तोंड किंचित उघडं, एखाद्या पोरीसारखं. "माझं नाही. मी एवढं चांगलं कधी केलं नाही."

भाच्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"मग कुणाचं?"

"मला काय ठाऊक? कुणीतरी होतं." आत्या पुढे वाकली आणि सुजलेला तळवा तिनं यंत्राच्या पोच्यांवर सपाट ठेवला. दाढीवाला बंद करायला खाली वाकला, तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"असू दे," ती म्हणाली. "जरा चालू राहू दे."